चौथ्या कोनाड्यातला चोक

महालातल्या त्या बोळात पंचमीच्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ऑक्टोबरचं ऊन नागपूरकरांना भाजून काढत होतं, तरी माणसं हलायला तयार नव्हती. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं, झाडून सगळी मठाच्या बाजूच्या भिंतीला कान लावून उभी होती. एकाचा कान निघाला की दुसऱ्याचा चिकटत होता. भिंतीच्या पोटातून ‘घूंऽऽऽ’ असा एकसुरी नाद येत होता आणि भिंतीवरच्या झरोक्यातून खसाच्या वासाची गार झुळूक अंगावर येत होती.

“आई बोलून राहिली वं!” एक म्हातारी रडत रडत म्हणाली. “मायबाई, कसा गार श्वास आहे तिचा!”

“हा नाद आहे, माताराम, नाद!” शालिकराम ओरडला. हा जवारेबाबांचा पट्टशिष्य. कपाळावर तीन बोटं कुंकू, मनगटावर परदेशी घड्याळ. “ब्रह्मांडाचा आद्य नाद! दरवाजा पाच दिवसापासून बंद. आत सूर्य नाही, चंद्र नाही. दाराच्या फटीले काळी घोंगडी. तुमच्या घरी अंधाऱ्या खोलीत जवारे पेरले तर कसे येते?”

“पिवळे!” गर्दी एका सुरात म्हणाली. हे काय नागपूरच्या बायांना सांगायला हवं होतं? नवरात्रात घरोघरी मातीच्या कुंड्यांत गहू पेरायचे, नऊ दिवस जपायचे आणि रंगावरून देवीचा कौल घ्यायचा, हे सगळ्यांच्या रक्तातलं. अंधारात जवारे पिवळे येतात आणि हिरवेगार आले तर घराचं भलं होतं.

“आणि आज आत कसे आहेत ते पाहा!”

दार उघडलं. समईच्या उजेडात भिंतीतले चार लांबोळे कोनाडे दिसले. प्रत्येकात पाच पाच कुंड्या, प्रत्येक कुंडीवर चुन्यानं लिहिलेलं एकेका दुखणाईताचं नाव. पहिल्या तीन कोनाड्यांतले जवारे पोपटी हिरवे, टवटवीत. गर्दीतून जयजयकार उठला, लोकांनी उंबऱ्यावर माथी टेकली. देवीपुढे मान वर करून कोनाड्याच्या पट्टीमागे काय आहे हे कोण पाहतो?

मग चौथ्या कोनाड्याकडे नजर गेली आणि जयजयकार घशातच राहिला. तिथल्या पाचही कुंड्यांतले जवारे हळदीसारखे पिवळे, लोळागोळा होऊन पडलेले होते.

गर्दीत सगळ्यांत मागे जागेश्वर उभा होता. त्यानं भिंतीला कान लावला नव्हता. त्याला तो नाद पाठ होता. ट्यूबलाइटच्या चार चोकांचा तो आवाज होता आणि त्यातल्या एकाच्या लोखंडी पत्त्या जरा सैल होत्या. चौथ्या कोनाड्यातल्या मधल्या कुंडीवरचं नाव त्यानं वाचलं. त्या कुंडीवर ‘पुष्पलता’ लिहिलं होतं.

पुष्पलता त्याची भाची. बहीण मैनाबाई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. जागेश्वरनं तिला आपल्या घरी वाढवलं, दोन गल्ल्या पलीकडे तुळसाबाईच्या घरी दिली. सहा महिन्यांपूर्वी तिला क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातली नीला सिस्टर सायकलवरून येऊन तिला सुई देई, गोळ्या गिळल्या की नाही ते समोर बसून पाही. पोरगी सुधारत होती. गालावर जरा मांस आलं होतं.

तुळसाबाईनं हात जोडले. “बाबा, माह्या सुनेच्या जवाऱ्याले काय झालं गा?”

जवारेबाबांनी डोळे मिटले. डोळे मिटले की विचार करायला सवड मिळते आणि त्याला समाधी म्हणता येतं. पिवळ्या कुंड्या पाहून बाबा स्वतःच चपापले होते, पण बोलण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या नागपुरात नव्हता. थोड्या वेळानं ते खर्जात बोलले, “लोह! लोहाचा स्पर्श आहे हिच्या रक्ताले. हिले रोज सुई टोचली जाते. जिथं सुई, तिथं आई येत नाही. सुई बंद, गोळी बंद. बंद खोलीत उदाची धुरी द्या. जवारा हिरवा झाला तर पोरगी वाचली समजा.”

बाकीच्या चार पिवळ्या कुंड्यांसाठीही त्यांनी चार दोष काढून दिले. एका घराला पितरांचा, एकाला करणीचा. ज्याला जे बसेल ते.

जागेश्वरला तिथंच ओरडायचं होतं. पण तो तसाच मागे सरकला आणि आपल्या दुकानात येऊन बसला.

---

खरं सांगायचं तर उन्हाळ्यात शालिकराम दुकानात आला तेव्हाच जागेश्वरनं समजून घ्यायला हवं होतं.

जागेश्वर कोष्ट्याचा मुलगा. बापानं मागावर लुगडी विणली. माग बसले तेव्हा ह्यानं सुताऐवजी तांब्याची तार हाती घेतली. कूलरच्या मोटारी, पंखे, ट्यूबलाइटचे चोक, काहीही जळालं की लोक त्याच्याकडे आणत. लहानपणी मागासाठी कांड्या भरून बसलेला हात होता. तार कशी सरळ, एकाशेजारी एक बसायची. वाइंडिंग पाहून सीताबर्डीचे दुकानदारही मान डोलवत.

“जागेश्वरभाऊ, एक कोडं आहे,” शालिकराम म्हणाला होता. “बंद खोलीत रोपटं हिरवं ठेवायचं. खोली तापली नाही पाह्यजे. जमते का?”

कशासाठी, हे जागेश्वरनं विचारलं नाही. त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. आधी त्यानं घरी मेथी पेरून शंभराचा बल्ब लावून पाहिला. मेथी दोन दिवसांत भाजून निघाली. मग ट्यूबा लावल्या. ट्यूब बल्बासारखी तापत नाही, अगदी जवळ धरता येते. मेथी अशी तरारली की बायकोनं भाजी केली. पण ट्यूबेला चोक लागतो. चोक म्हणजे पंगतीतला वाढपी. ट्यूबेच्या पानात वीज मोजून वाढतो, नाहीतर ट्यूब हावऱ्यासारखी खाऊन जळून जाईल. आणि हा वाढपी काम करता करता तापतो. चार चोक बंद खोलीत ठेवले तर खोलीची भट्टी होईल.

जागेश्वरनं डोकं लढवलं. चोक खोलीबाहेरच ठेवले. मागच्या बंद बोळात भिंतीला कूलर बसवला, त्याच्या पत्र्याला आतून चारही चोक स्क्रूनं कसले. खसाच्या ताटीतून येणारी गार हवा आधी चोकांना थंड करी, मग मागच्या झरोक्यातून खोलीत जाई आणि बाजूच्या झरोक्यातून बाहेर पडे. ट्यूबा कोनाड्यांच्या वरच्या पट्टीमागे लपल्या. दर्शनाच्या वेळी तेवढ्या बंद करायच्या. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्याची छाती फुगली होती.

फक्त पत्र्याला लावल्यानं चोकांचा आवाज भिंतीत घुमत होता.

“खाली रबर टाकतो, गप्प होईल,” तो म्हणाला.

“राहू द्या,” शालिकराम हसून म्हणाला. “आवाज बरा आहे.”

त्याच क्षणी जागेश्वरला सगळं कळलं होतं. आणि त्यानं पाना पिशवीत टाकून घर गाठलं होतं. ‘आपण कारागीर माणूस, आपल्याला काय करायचं?’ असं स्वतःला बजावत गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्याची मूठ मात्र चोराच्या सामानावर झाकलेली होती.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी शालिकराम धावत आला. चौथा चोक जळाला होता. तो पार वरच्या कोपऱ्यात होता, तिथं कूलरची हवा पोचतच नव्हती. ही चूक जागेश्वरची. आता नवा चोक आणायला सीताबर्डीला जायचं, पेठेत सणाची गर्दी, उन्हाचा तडाखा. त्याला कंटाळा आला. फळीवर एक जुना चोक होता, त्यानंच कधीतरी गुंडाळलेला. वेटोळे जास्त झाले होते, त्यामुळे वीज अगदी कमी सोडायचा. ‘कमी सोडतो तर तापणारही नाही, त्या कोपऱ्यात बराच आहे,’ असा हिशेब करून त्यानं तोच लावला. ट्यूब काही पेटली नाही. दोन्ही टोकं तेवढी निखाऱ्यासारखी लाल झाली.

“चालते,” तो म्हणाला होता. “एक कोनाडा नाही हिरवा झाला तर काय बिघडते?”

---

षष्ठीला नीला सिस्टर दुकानासमोर सायकल लावून उभी राहिली. उन्हानं तोंड लाल झालेलं, पदर कमरेला खोचलेला.

“जागेश्वरभाऊ, तुमच्या भाचीच्या घरात मले पाय ठेवू देत नाहीत. सासू म्हणते, सुईनं जवारा पिवळा पडला.”

जागेश्वर तार गुंडाळत राहिला.

“मी जवारे पाहून आली,” ती म्हणाली. “पान उजेडात हिरवं होते, अंधारात पिवळं राह्यते, एवढं तर शाळेत शिकवते. पंधरा कुंड्या हिरव्या म्हणजे आत उजेड आहे. महालात असा उजेड बनवणारा माणूस कोण आहे, सांगा बरं?”

“मले काय माहीत, बाई?” जागेश्वर म्हणाला.

नीला सिस्टरनं सायकल वळवली. “सुई चुकली की जंतू पुन्हा डोकं वर काढते, भाऊ. आणि वरून धुरी देऊन राहिले. तिच्या फुफ्फुसात आधीच भोकं आहेत.” एवढं बोलून ती गेली.

त्या दिवशी जागेश्वरच्या हातून तीन वेळा तार तुटली. बापाच्या मागावर सूत तुटलं की बाप थांबून गाठ मारायचा. गाठ न मारता पुढं विणलं तर लुगडं फाटतं, असं तो म्हणे. जागेश्वर पुढंच विणत बसला होता. बोललो तर लोक आपल्याला मारतील, ही भीती होती. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. बोललो तर पुष्पलताला कळेल. तिला पिवळं करणारा हात मामाचा होता हे तिला कळेल.

सप्तमीला तो तिच्याकडे जाऊन आला. खोली बंद, दारातूनच उदाचा धूर डोळ्यांत गेला. आत पुष्पलता खोकत होती, थांबत होती, पुन्हा खोकत होती. मामाला पाहून ती हसायला गेली.

“मामा, माहा जवारा हिरवा झाला का गा?”

तो परत फिरला. असा नालायक माणूस मी नाही पाहिला, असं कोणी त्याला म्हणालं असतं तर त्यानं मान डोलावली असती.

---

अष्टमीला सकाळी तुळसाबाई ओरडत रस्त्यावर आली. तिच्या हातात रक्तानं भरलेला टॉवेल होता. पुष्पलता खोकता खोकता रक्त ओकली होती.

जागेश्वरनं दुकानातला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि धावत सुटला. मठाच्या भिंतीला आजही कान चिकटलेले होते. तो तडक मागच्या बोळात शिरला, कूलरजवळच्या खांबावरचा फ्यूज खसकन ओढला.

नाद बंद झाला. झुळूक बंद झाली.

गर्दीत हाहाकार उडाला. “आई रुसली! आई रुसली!”

जागेश्वरनं फ्यूज परत लावला. ‘घूंऽऽऽ’ सुरू. पुन्हा काढला, बंद. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळेपर्यंत लोक बोळाच्या तोंडाशी जमले होते. त्यातल्या एकानं त्याच्या हातातला फ्यूज पाहिला, आकाशाकडे पाहिलं आणि थेट त्याच्या पायावर लोटांगण घातलं. “जागेश्वर महाराज! याच्या हातात आई आहे!” मागोमाग आणखी दोघे खाली वाकले.

जागेश्वरला हसू की रडू कळेना. “अरे उठा बे!” तो किंचाळला. “मी महाराज नाही, मी चोर आहे!”

त्यानं कूलरची ताटी उपटून फेकली. आत पत्र्यावर चार काळे चोक, त्यांतून भिंतीत गेलेल्या तारा. “हात लावा. लावा ना, घाबरता काहून? हा नाद आहे तुमचा!”

लोटांगण घातलेल्यानंच बोट लावलं आणि चटका बसताच ‘अबे!’ करून मागं घेतलं. एवढा साक्षात्कार सगळ्यांना पुरेसा होता. लोक आता रांग लावून चोकाला हात लावू लागले.

“आता आत चला!” म्हणत जागेश्वरनं मठाचं दार ढकललं. आज ट्यूबा बंद करायला कोणाला सवडच मिळाली नव्हती. तीन कोनाडे लख्ख उजळलेले होते. चौथ्यात ट्यूबेची दोन टोकं तेवढी लाल होती. एवढ्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा देवघरात मान वर केली.

जवारेबाबा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हात उंचावून म्हणाले, “भक्तहो, वीज कोणाची? आईचीच! आईनं यंत्राले आपलं वाहन केलं, याच्यात खोटं काय? पण त्या पोरीचा जवारा सुईनं पिवळा पडला, हे तर खरं!”

गर्दी घुटमळली. काही माना होकारार्थी हलल्याही. श्रद्धा ही अशी असते. एक पाय तुटला तर दुसऱ्यावर लंगडत चालते.

तेवढ्यात नीला सिस्टर गर्दीतून पुढं आली. तिच्यामागं तुळसाबाई होती आणि सायकलरिक्षात पुष्पलता, पांढरीफटक.

“बाबा म्हणते सुईनं पिवळा पडला,” नीला म्हणाली. “जागेश्वरभाऊ म्हणते उजेड नव्हता म्हणून. मंग पाहून घेऊ. मी आत्ता सर्वांसमोर हिले सुई देते अन् हिले दवाखान्यात नेते, तिथंही सुया देईन. कुंडी अंगणात उन्हात ठेवा. सुईचा दोष असला तर जवारा पिवळाच राहीन. उजेडाचा असला तर हिरवा होईन. बोला, मंजूर?”

बाबा म्हणाले, मंजूर नाही, आईची परीक्षा घेणं पाप आहे. पण तुळसाबाईनं कोनाड्यातली कुंडी उचलली होती. ती मठात नाही, स्वतःच्या अंगणात जाऊन बसली, कुंडी मांडीवर घेऊन. कोणाला हात लावू दिला नाही. ऊन सरकलं तशी ती सरकली.

रिक्षा निघण्याआधी जागेश्वर पुष्पलताजवळ गेला. सगळ्यांसमोर बोलला, कारण एकट्यानं बोलायची हिंमत त्याच्यात नव्हती. “माय, ही यंत्रं मी बनवली. चौथा चोक बेकार होता, मले माहीत होतं. मी तोच लावला.”

पुष्पलतानं डोळे मिटून घेतले.

नवमीच्या दुपारपर्यंत जवारे टोकापासून बुंध्यापर्यंत हिरवे झाले. तुळसाबाई कुंडी घेऊन मठासमोर उभी राहिली. तोंडानं एक अक्षर बोलली नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला? जो येईल त्याला ती कुंडी दाखवत होती. दसऱ्याला सोनं वाटायला लोक निघाले तेव्हा मठाला कुलूप होतं आणि शालिकरामाचं घड्याळ पुन्हा कोणाला दिसलं नाही.

---

पुष्पलता वाचली. पण डावं फुफ्फुस गेल्यातच जमा झालं. औषध पुन्हा पहिल्यापासून, दीड वर्ष. आता जिना चढताना ती मधे बसते.

त्या दीड वर्षात एकही सुई चुकली नाही. जागेश्वर तिला दवाखान्यात नेई, बाहेर बाकावर बसून राही. एकदा परत येताना तिनं विचारलं, “मामा, तो चोक तुमी काहून लावला गा? खरं सांगा.”

“सीताबर्डीले जायचा कंटाळा आला होता,” तो म्हणाला. खोटं बोलून पाहायचा मोह झाला होता, पण त्यानं खरंच सांगितलं.

ती म्हणाली, “तो चोक कोणाचं तरी नाव असलेली कुंडी पिवळी करणारच होता. माही नसती तर दुसऱ्याची असती. मंग तुमी बोलले असते का?”

चौथ्या कोनाड्यात आणखी चार नावं होती. करणी झाली म्हणून त्यातल्या एका घरानं आपली सून माहेरी धाडली होती. जागेश्वर जाऊन त्यांच्या पाया पडला, सगळं समजावून सांगितलं. सून परत आली, पण महिन्यानंतर. बाकीच्या तिघांना त्यानं पंचमीपासून अष्टमीपर्यंत काय काय सोसायला लावलं ते त्यानं त्यांच्याच तोंडून ऐकून घेतलं.

तो चोक त्याच्या दुकानात दर्शनी फळीवर आहे. कोणी विचारलं की तो सगळी हकीकत सांगतो, स्वतःला न वगळता. आणि शेवटी म्हणतो, “भिंत बोलली तर कान लावू नका, मागच्या बोळात जाऊन पाहा. तार कुठं जाते ते शोधा. कोणी औषध सोडा म्हटलं तर त्याचा हात सोडा, औषध नाही. अन् ती तार तुमच्याच हातची असली, तर पंचमीलेच बोला. मी अष्टमीपर्यंत थांबलो.”